वाळू आली का?

एप्रिल २०२५ मधली गोष्ट. सकाळी चहा घेता घेता यांनी पेपरातली बातमी मोठ्याने वाचून दाखवली. राज्याचं नवं वाळू धोरण आलं, डेपो बंद, पुन्हा लिलाव, आणि घरकुलवाल्यांना पाच ब्रासपर्यंत वाळू मोफत. वर म्हणाले, "तुमच्या गटातल्या त्या बाईला दोन वर्षं आधी मिळायला हवी होती बघ." मी नुसतीच हं म्हटलं. पण दिवसभर पोळ्या लाटताना, कपडे वाळत घालताना तेच डोक्यात राहिलं. वाळू, सिमेंट, लोखंड हे सगळे पुरुषांचे विषय असं आपण धरून चालतो. घर बांधताना आपल्याला फार तर ओट्याची उंची आणि फरशीचा रंग विचारतात. पण माल अडला की त्याचा हिशेब कुणाच्या पदरात पडतो, हे मी फार जवळून पाहिलं आहे. म्हणून आज वाळूबद्दल लिहिते आहे.

आमचा तालुका भीमेच्या काठचा. आमच्या बचत गटात बारा जणी, दरमहा दोनशे रुपये, आणि उशीर केला तर दहा रुपये दंड. २०२३ च्या मार्चच्या बैठकीत एकीने पहिल्यांदाच हप्ता दिला नाही. सहा वर्षांत कधी न चुकलेली बाई. विचारलं तर म्हणाली, "ताई, वाळूच आली नाही वो." मला आधी कळेचना. वाळूचा आणि दोनशे रुपयांचा काय संबंध? बैठक संपल्यावर तिच्याबरोबर तिच्या घरी गेले तेव्हा तो संबंध समजला.

घर म्हणण्यासारखं तिथे काही नव्हतं. प्रधानमंत्री आवास योजनेत तिचं घरकुल मंजूर झालं होतं. जागा एकच, त्यामुळे जुनं पांढऱ्या मातीचं घर आधी पाडावं लागलं. डिसेंबरात पाडलं, जानेवारीत जोतं झालं, विटांच्या भिंती कमरेच्या वर आल्या आणि काम थांबलं ते थांबलंच. बाजूला चार पत्रे आणि ताडपत्री लावून संसार मांडलेला. थोरली मुलगी दहावीला. परीक्षा सुरू. मी गेले तेव्हा ती सिमेंटच्या पोत्यांवर चादर टाकून भूमितीचं पुस्तक घेऊन बसली होती.

या योजनेचा हिशेब आपल्यापैकी पुष्कळजणींना ठाऊक नसतो. सपाट भागात घरामागे केंद्राचं ठरवलेलं अनुदान १ लाख २० हजार. ही रक्कम २०१६ मध्ये ठरली आणि २०२३ मध्येही तेवढीच होती. शौचालयाचे १२ हजार वेगळे, रोजगार हमीतून नव्वद दिवसांची मजुरी वेगळी. घर निदान २५ चौरस मीटरचं, म्हणजे २६९ चौरस फुटांचं हवं. पैसे एकदम मिळत नाहीत, टप्प्याटप्प्याने मिळतात. जोतं झालं की कुणीतरी येऊन मोबाइलवर फोटो काढतो, त्या फोटोवर जागेची खूण उमटते, तो वर जातो, मग पुढचा हप्ता. पैसा खाऊन टाकू नये म्हणून ही व्यवस्था केली आहे आणि त्यात चूक काही नाही. पूर्वी कागदावर घरं बांधली जायची, हेही खरंच आहे.

पण या साखळीत वाळू अडली की काय होतं बघा. वाळू नाही म्हणून भिंत पुढे जात नाही. भिंत गेली नाही म्हणून फोटो निघत नाही. फोटो नाही म्हणून हप्ता नाही. आणि हप्ता नाही म्हणून, चोरून का होईना, महाग का होईना, मिळेल ती वाळू घ्यायला हातात पैसा नाही. तिच्या नवऱ्याला रात्री ट्रॅक्टरने वाळू देणारा भेटला होता. सहा हजार रुपये ब्रास, रोख, आणि पावती नाही. शंभर घनफूट म्हणजे एक ब्रास, आणि तिला पाच तरी लागणार होते. अनुदानाच्या पाव हिस्सा नुसता वाळूत!

स्वयंपाक करताना मीठ संपलं तर आपण शेजारणीकडून वाटीभर आणतो, नाहीतर भाजी बदलतो. बांधकामात तसं नाही. एक जिन्नस नसला की बाकीचे जिन्नस नुसते थांबत नाहीत, ते नासायला लागतात. हे मला तोवर ठाऊक नव्हतं. दर वाढायच्या आत घेऊन ठेवू म्हणून तिने सिमेंटची बारा पोती आणून ठेवली होती. सिमेंटला ओल लागली की त्याचा दगड होतो, आणि नुसतं तीन-चार महिने पडून राहिलं तरी त्याचा जोर कमी होतो. मार्चमध्ये अवकाळी पाऊस झाला, तेव्हा ताडपत्रीखालून पाणी गेलं आणि तीन पोती गेली. सळया उघड्यावर गंजायला लागल्या. गवंडी चांगला होता, पण त्याचंही पोट होतं. पंधरा दिवस वाट बघून तो पुण्याकडच्या एका साइटवर निघून गेला. त्याच पावसाने वीटभट्ट्यांवरच्या कच्च्या विटांचा चिखल केला, म्हणून विटा महागल्या. म्हणजे अडली होती एकटी वाळू, पण चार महिन्यांनी पुन्हा सुरुवात करायची तर गवंडी नवा, सिमेंट नवं, विटांचा भाव नवा. अनुदान मात्र जुनंच.

तरी लोखंडाच्या बाबतीत ती नशीबवान म्हणायची. वर्षभर आधी घर मंजूर झालं असतं तर आणखी भरडली गेली असती. २०२० च्या मध्याला ४०-४५ हजार रुपये टन असलेली सळई २०२२ च्या एप्रिलमध्ये ७५ हजारांच्या आसपास गेली होती. लोखंड करायला लागणारा कोळसा आपण मुख्यतः बाहेरून आणतो, बराचसा ऑस्ट्रेलियातून. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला आणि जगभर त्या कोळशाचे भाव भडकले. मे २०२२ मध्ये केंद्राने पोलादाच्या निर्यातीवर कर बसवला तेव्हा भाव जरा खाली आले. नोव्हेंबरात तो कर काढूनही टाकला. कुठे युक्रेन, कुठे आमचं भीमाकाठचं गाव! पण तिच्या छताची सळई त्याच दोरीला बांधलेली होती.

आता वाळू का अडली होती ते सांगते. जुन्या लिलावांची मुदत संपत आली होती आणि सरकार नवं धोरण आणणार म्हणून नवे लिलाव थांबले होते. एप्रिल २०२३ मध्ये ते धोरण आलं. सरकारच वाळू काढून डेपोत ठेवणार आणि ६०० रुपये ब्रासने देणार. मागणी ऑनलाइन नोंदवायची, वाहतुकीचा खर्च आपला. १ मे रोजी श्रीरामपूर तालुक्यात पहिला डेपो सुरू झाला. आम्ही सगळ्या फार खूश झालो. सहाशे रुपये! मी स्वतः तिचं आधार कार्ड घेऊन सेतू केंद्रात जाऊन बसले.

पण आमच्या तालुक्यात डेपोच नव्हता. ठिकठिकाणी निविदांना प्रतिसाद मिळत नाही, अशा बातम्या यायला लागल्या. सहाशे रुपयांत काढणं, वाहून आणणं, राखणं ठेकेदाराला परवडत नसणार, हे कुणाही संसारी बाईला कळेल. सगळ्यात जवळचा डेपो निघाला पन्नास किलोमीटरवर. टिपरवाल्याने सांगितलेलं भाडं वाळूच्या किमतीच्या कितीतरी पट. आणि हे सगळं जुळवेपर्यंत जून उजाडला. १० जून ते ३० सप्टेंबर नदीतून वाळू काढायला बंदी असते. ती असायलाच हवी, पण तिच्या घराचे आणखी चार महिने गेले. पावसाळा पत्र्याखाली काढला. याच काळात तिला कचेरीतून नोटीस आली. घरकुलाचं काम मुदतीत पूर्ण करा, अन्यथा दिलेलं अनुदान वसूल करण्यात येईल. तो कागद तिने मला दाखवला तेव्हा खरंच लाज वाटली. वाळू एका खात्याने बंद ठेवायची आणि उशिराचा जाब दुसऱ्या खात्याने तिला विचारायचा.

मी इथे वाळू उपसा मोकळा करा असं मुळीच म्हणत नाही. आम्ही नदीकाठच्या बायका आहोत. पात्रातली वाळू म्हणजे पाण्याची साठवण. वाळू गेली की काठच्या विहिरींचं पाणी खाली जातं, आणि मग हंडा घेऊन लांब कोण जातं, हे सांगायला नको. पंढरपूरला चंद्रभागेच्या पात्रातल्या खड्ड्यांत माणसं बुडाल्याच्या बातम्या आपण वाचलेल्या आहेत. या लढाईत एक बाईच पुढे होती, हेही आपल्या पानावर नोंदवायला हवं. मुंबईच्या सुमैरा अब्दुलाली यांच्यावर २००४ मध्ये अलिबागजवळ किहीमला वाळूमाफियांनी हल्ला केला. त्या मागे हटल्या नाहीत. २००६ मध्ये त्यांनी उच्च न्यायालयात जनहित याचिका केली आणि २०१० मध्ये न्यायालयाने राज्यातल्या वाळू उपशावर बंदी घातली. पुढे फेब्रुवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की पाच हेक्टरपेक्षा लहान पट्ट्यांनाही पर्यावरणाची परवानगी घ्यावीच लागेल. हे सगळे निकाल मला पटतात.

माझी तक्रार वेगळी आहे. नदीची वाळू मर्यादित मिळणार, हे २०१० पासून ठाऊक आहे. घरात गॅस सिलिंडर संपत आला की आपण दुसरा आधी नोंदवतो. इथे दगड दळून केलेली कृत्रिम वाळू, म्हणजे आपल्याकडे ज्याला क्रश सँड म्हणतात ती, नदीच्या वाळूची जागा घेऊ शकते हे इंजिनियर मंडळी वर्षानुवर्षं सांगत होती. शहरातले मोठे टॉवर तीच वापरून उभे राहिले. पण राज्याचं कृत्रिम वाळूचं वेगळं धोरण यायला मे २०२५ उजाडला. त्यात स्वामित्वधन ब्रासला ६०० वरून २०० रुपयांवर आणलं. चांगलं केलं. पण मधली पंधरा वर्षं कधी बंदी, कधी लिलाव, कधी डेपो, पुन्हा लिलाव, असंच चाललं. मोठा बिल्डर यातून तरतो, कारण त्याच्याकडे साठा असतो, उधारी असते, खडी क्रशरवाल्याशी वर्षाचा करार असतो. जिला एकदाच, पाचच ब्रास हवी आहे, तिच्याकडे यातलं काहीच नसतं.

गावात अजून समज आहे की क्रश सँड म्हणजे कचरा. आमच्या त्या मैत्रिणीच्या सासऱ्यांनीही ठाम नकार दिला होता. नव्या गवंड्याने समजावलं की काँक्रीटला आणि बांधकामाला ती चालते. गिलाव्याला मात्र धुतलेली आणि बारीक चाळलेली घ्यावी, तिच्यात दगडाची भुकटी जास्त असेल तर तडे जातात. हा सल्ला मी इथे मुद्दाम देते आहे, कारण घर बांधताना आपल्यालाही ही माहिती असायला हवी. मूठभर वाळू काचेच्या ग्लासात पाणी घालून ढवळावी आणि थोडा वेळ ठेवावी. वर गाळाचा जाड थर बसला तर तो माल परत पाठवावा. त्याला इंजिनियर लागत नाही.

आता दुसऱ्या टोकाची गोष्ट. माझ्या नणंदेने २०१८ मध्ये पुण्यात फ्लॅट बुक केला. ताबा डिसेंबर २०२० मध्ये मिळणार होता. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली, साइट बंद पडली, मजूर गावी निघून गेले. मे २०२० मध्ये महारेराने प्रकल्पांना सहा महिन्यांची मुदतवाढ दिली. संकट खरंच होतं, त्यामुळे त्याबद्दल तक्रार नाही. पण ते सहा महिने संपल्यावर बिल्डरकडून लोखंडाची सबब आली, मग टाइल्सची, मग लिफ्टच्या सुट्या भागांची. ताबा मिळाला ऑगस्ट २०२२ मध्ये. वीस महिने तिने एका हाताने घरभाडं दिलं आणि दुसऱ्या हाताने बँकेचा हप्ता. मुलाची शाळा नव्या घराजवळची घेतली होती, म्हणून रोज दोन बस बदलून त्याला पोचवायची. बिल्डरला मिळाली तशी मुदतवाढ तिला घरमालकाने दिली नाही.

रेरा कायद्याचं कलम १८ असं आहे की ताबा लांबला आणि तुम्ही बुकिंग रद्द केलं नाही, तर उशिराच्या प्रत्येक महिन्याचं व्याज बिल्डरने द्यायचं. आपल्या राज्याच्या नियमात ते स्टेट बँकेच्या कर्जदराच्या वर दोन टक्के असं धरलं आहे. नणंदेने ते मागितलं का? नाही. "जाऊ दे वहिनी, त्याच्याच बिल्डिंगमध्ये राहायचंय, सोसायटी व्हायचीय अजून." ताब्याच्या कागदावर सही करताना ‘माझी काही तक्रार नाही’ असं एक वाक्यही तिच्याकडून लिहून घेतलं. मैत्रिणींनो, तो कागद वाचल्याशिवाय सही करू नका. माल मिळाला नाही हे कारण दर वेळी चालत नाही. कायद्यात ज्याला दैवी संकट म्हणतात त्यात युद्ध, पूर, दुष्काळ, आग, वादळ, भूकंप येतात. टाइल्स महागल्या हे त्यात बसत नाही.

आणि तिसरी बाई, जिच्याबद्दल कुणीच लिहीत नाही. आमच्या तालुक्याच्या गावी सकाळी आठला मजूर नाक्यावर उभी राहणारी. तिथे बहुतेक ‘जोडी’ घेतात, नवरा-बायको मिळून एक हिशेब. काम कमी झालं की मुकादम म्हणतो, आज एकटाच गडी चल. म्हणजे सगळ्यात आधी बाई परत जाते. त्या २०२३ च्या उन्हाळ्यात मी दहा वाजताही बायकांना डबा तसाच घेऊन घरी परतताना पाहिलं. भर उन्हाळ्यात, बांधकामाच्या ऐन हंगामात!

यात आणखी एक मेख आहे. बांधकाम कामगारांच्या कल्याणकारी मंडळात नाव नोंदवायचं तर आधीच्या वर्षात नव्वद दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो. नाव नोंदलं तर मुलांची शिष्यवृत्ती, बाळंतपणाची मदत वगैरे मिळतं. टाळेबंदीत एप्रिल २०२० मध्ये राज्याने दोन हजार रुपये दिले तेही नोंदलेल्यांनाच. आता वाळूअभावी साइट बंद राहिल्या तर नव्वद दिवस भरायचे कसे? आणि जोडीने काम करूनही दाखला नवऱ्याच्याच नावाचा निघतो, हे मी स्वतः फॉर्म भरताना पाहिलं आहे. ठेकेदाराला विचारलं तर म्हणाला, "ती त्याच्याबरोबरच असते की." मग आम्ही बसून अकरा बायकांचे वेगळे दाखले करून घेतले. दोन महिने लागले.

बांधकाम व्यवसाय वाढतो आहे, एवढी घरं मंजूर झाली, एवढे फ्लॅट विकले गेले, असे आकडे आपण रोज वाचतो. मंजूर झालेलं घर आणि राहायला गेलेलं घर यांच्यात किती पावसाळे गेले, हा आकडा कुठे छापून येत नाही. मला विचाराल तर घरकुलाचा दुसरा हप्ता फोटोची वाट न बघता मालासाठी आधी द्यावा, हवा तर दुकानदाराच्या खात्यात द्यावा. ज्या महिन्यांत तालुक्यात वाळूच उपलब्ध नव्हती ते महिने मुदतीतून आपोआप वगळावेत, नोटीस पाठवण्याआधी. रेरात बिल्डरला जे मिळालं तेच मागते आहे, जास्त काही नाही. राज्याने २०२५ मध्ये घरकुलाच्या अनुदानात ५० हजारांची वाढ जाहीर केली, सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. दोन्ही गोष्टींनी हातभार लागेल. पाच ब्रास मोफत वाळूच्या बाबतीत मात्र मी तहसीलमध्ये एकच प्रश्न विचारला, घाटापासून घरापर्यंत गाडी कुणाची? साहेब हसले आणि पुढच्या माणसाकडे वळले.

आमच्या त्या मैत्रिणीचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. नोव्हेंबर २०२३ मध्ये गटाने तिला अंतर्गत कर्ज दिलं. बाराजणींपैकी तिघींनी आधी नाही म्हटलं, त्यात मीही होते, कारण आधीचं थकलेलं होतं. मग कुणीतरी म्हणालं, आपण नाही दिलं तर तो रात्रीचा ट्रॅक्टरवाला देईल, तोही व्याजाने. गावातल्या आणखी दोन घरकुलवाल्यांना बरोबर घेऊन एकच हायवा क्रश सँड मागवली, भाडं तिघांत वाटलं. जानेवारी २०२४ मध्ये स्लॅब पडला. त्या दिवशी तिने मजुरांना गोड शिरा करून वाढला. दहावी झालेली मुलगी घमेली उचलायला उभी होती. मी तिला रागावले, तर म्हणाली, "आजच्या दिवस उचलू द्या की मावशी."

फेब्रुवारीच्या बैठकीला ती सगळे थकलेले हप्ते घेऊन आली. दंड माफ करायचा असं आम्ही आधीच ठरवलं होतं. तिने ऐकून घेतलं आणि महिन्याचे दहा याप्रमाणे दंडाची चिल्लर वेगळी काढून वहीवर ठेवली. म्हणाली, "लिहा ताई. माझी पाटी कोरी पायजे."